कबुली, कुऱ्हाड आणि पंच: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात खूनसत्रांवर लेख आला आणि त्यावर बरीच पत्रे आली. आरोपी स्वतःच खून केला म्हणतो, तर न्यायालयाला आणखी काय हवे असते, हा बहुतेकांचा प्रश्न आहे. त्यातली निवडक पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहोत.

मुंबईत एकामागून एक खून करणाऱ्या रामन राघवला कोंबडीचे जेवण दिल्यावर त्याने खून कबूल केले, असे वाचले. पोलिसांनी एवढ्या खटपटीने काढलेली कबुली न्यायालयात का चालत नाही? आणि कोंबडी खाऊ घालणे हे आमिष नव्हे का? (शेतकरी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

रामन राघवला मुंबईत ऑगस्ट १९६८ मध्ये पकडले. तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या हाताखाली होता. सुरुवातीला तो काहीच बोलेना. काय हवे विचारल्यावर त्याने कोंबडी मागितली, पोटभर खाल्ली आणि मग बोलू लागला. हत्यारे लपवलेल्या जागाही त्याने हिंडून दाखवल्या.

पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. तेव्हा ते कलम २५ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम २३ आहे. कारण साधे आहे. ठाण्यातल्या खोलीत आरोपी आणि पोलीस सोडून तिसरे कोणी नसते. तिथे शब्द आरोपीच्या मनातून आले की पाठीवरच्या वळांतून, हे न्यायाधीशाला मागाहून कळायचा मार्ग नाही.

आता कोंबडी. कायद्यातले आमिष त्या खटल्याशी जोडलेले असावे लागते. ‘बोल, केस हलकी करतो’, ‘कबूल कर, तुझ्या बायकोला उचलत नाही’ ही आमिष आणि धमकी. उपाशी माणसाला जेवण देणे त्यात बसत नाही. पण कोंबडी असो वा नसो, ऐकणारा पोलीस असल्यामुळे ती कबुली तशीही पुराव्यात आली नसती. त्याने दाखवलेल्या जागांचे मोल वेगळे, त्याविषयी पुढच्या उत्तरात आहे.

त्याने सांगितलेला आकडा चाळीसच्या वर गेला, पण शिक्षा झाली ती त्यातल्या फार थोड्या खुनांसाठी. १९६९ मध्ये फाशी ठोठावली गेली, पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला असाध्य मनोरुग्ण ठरवले आणि १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. बाकीच्या खुनांचा हिशेब कागदावर कधीच पुरा झाला नाही.

ठाणेदारांनी पंच म्हणून बोलावले आहे. आरोपी बयाण देईल, ते ऐकायचे आणि त्याच्यासोबत वावरात जायचे, असे सांगितले. नेमके काय पाहायचे? सही करून फसणार तर नाही? (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

जा, अवश्य जा. अशा खटल्यात पंच हा खटल्याचा कणा असतो आणि चांगले पंच मिळत नाहीत म्हणूनच ठाण्यासमोरच्या पानठेल्यावरचा तोच तो माणूस दहा पंचनाम्यांवर सापडतो. बचावाचा वकील पहिल्या पाच मिनिटांत त्याला उघडा पाडतो.

आधी हे समजून घ्या की तुम्ही कबुली ऐकायला जात नाही. पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीने सांगितलेल्या माहितीमुळे काही गोष्ट सापडली, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. जुन्या कायद्यात हे कलम २७ होते, आता ते कलम २३ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात आहे. समजा आरोपी म्हणाला, ‘ज्या कुऱ्हाडीनं म्या म्हाताऱ्याले मारलं, ते कुऱ्हाड वावरातल्या पऱ्हाटीच्या गंजीखाली लपवून ठेवली हाये, चला दाखवतो.’ यातले ‘म्हाताऱ्याले मारलं’ न्यायालय वाचणार नाही. ‘कुऱ्हाड गंजीखाली लपवली आहे, दाखवतो’ एवढे वाचेल. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश राजवटीतले सर्वोच्च अपील न्यायालय) १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही रेघ आखून दिली आणि आजही तीच चालते. त्या निकालाचा गाभा असा की सापडली ती नुसती कुऱ्हाड नव्हे, तर ती तिथे आहे हे त्या माणसाला ठाऊक होते, ही गोष्ट सापडली. ती कुऱ्हाड खुनात वापरली होती, हे रक्ताच्या तपासणीने वेगळे सिद्ध करावे लागते.

म्हणून पहिली दक्षता ठाण्यातच घ्यायची. आरोपी तुमच्यासमोर बोलला पाहिजे. आधीच लिहून ठेवलेले बयाण वाचून दाखवले तर ‘हे माझ्यासमोर बोलला नाही’ असे स्पष्ट सांगा आणि सही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश या निकालात हेच बजावले: पंचांना ठाण्यात बोलवा, त्यांच्यासमोर आरोपीला बोलू द्या आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. आमच्या भागातला निरक्षर माणूस ‘सदर गुन्ह्यात वापरलेले हत्यार मी स्वखुशीने काढून देण्यास तयार आहे’ असे बोलत नाही. हे छापील वाक्य पंचनाम्यात दिसले की न्यायाधीशाच्या मनात पहिली शंका येते, आणि ती योग्य आहे.

मग गाडी निघते. कुठे वळायचे हे ड्रायव्हरला कोण सांगते, इकडे लक्ष ठेवा. धुऱ्यावर उतरल्यावर पुढे आरोपी चालतो की शिपाई? आरोपी मागे आणि जमादार पुढे असेल तर जागा आधीच माहीत होती असा अर्थ निघतो. जागेवर पोहोचल्यावर तिची स्थिती डोळ्यांत भरून घ्या: माती ताजी उकरलेली होती का, गंज आधीच विस्कटलेली होती का, वस्तू वरून दिसत होती का, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सहज दिसली असती का. उघड्या नाल्यात, सार्वजनिक विहिरीजवळ, कोणीही जाऊ शकेल अशा जागी सापडलेल्या वस्तूचे मोल फार घटते. जमिनीखालून काढली तर किती खोल, ते टेपने मोजायला सांगा.

बांधाबांधी होईपर्यंत तिथून हलू नका. खटले इथेच सर्वाधिक मोडतात. रक्ताचा कपडा ओला असेल तर सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते, रक्त कुजते आणि प्रयोगशाळेचा अहवाल ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा येतो. रक्तमिश्रित माती वेगळ्या पुडीत आणि थोड्या अंतरावरची साधी माती वेगळ्या पुडीत घेतात, म्हणजे तुलना करता येते. पाकिटावरच्या लेबलवर दोन्ही पंचांच्या सह्या, त्यावर दोरा, त्यावर लाखेचे सील. त्या सीलचा नमुनाही घेतात, कारण नागपूर किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेत तो ताडून पाहतात. सील न करता वस्तू ठाण्यात नेली आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला सहीला बोलावले, तर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. मोबाइलवरही चालते. चित्रीकरण सुरू आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. घरी आल्यावर तारीख, निघाल्याची आणि परतल्याची वेळ, गाडीत कोण कोण होते, हे वहीत टिपून ठेवा. साक्षीला बोलावणे तीन-चार वर्षांनी येते. खरे सांगणारा पंच फसत नाही. न पाहिलेल्यावर सही करणारा फसतो.

निठारीच्या आरोपीने मॅजिस्ट्रेटसमोर, तेही कॅमेऱ्यापुढे कबुली दिली होती. मग तो सुटला कसा? (ता. मेहकर, जि. बुलढाणा)

या निकालाने अनेकांना धक्का बसला. ज्यांची लेकरे गेली त्यांचा तर जीवच हादरला असेल. पण निकाल का असा लागला ते नीट पाहायला हवे.

नोएडाजवळच्या निठारी गावात सेक्टर ३१ मधल्या डी-५ बंगल्यामागच्या नाल्यात डिसेंबर २००६ मध्ये मुलांचे सांगाडे सापडले. नोकर सुरेंद्र कोली आणि मालक मोनिंदरसिंग पंढेर पकडले गेले. कोलीची कबुली १ मार्च २००७ ला मॅजिस्ट्रेटने नोंदवली. एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याची फाशीही कायम केली होती. पुढे दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे २०१५ मध्ये तिची जन्मठेप झाली. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने कोलीला बारा खटल्यांत सोडले, ३० जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची अपिले फेटाळली आणि ११ नोव्हेंबर २०२५ ला उरलेल्या एका खटल्यातही त्याची सुटका झाली.

कबुली कशामुळे पडली? ती देण्याआधी तो सुमारे साठ दिवस पोलीस कोठडीत होता. दरम्यानची धड वैद्यकीय तपासणी कागदावर नाही. वकिलाची मदत मिळाली ती नावापुरती. आणि त्या कबुलीतच तो मारहाणीबद्दल आणि त्याला सांगून-पढवून तयार केल्याबद्दल बोलला होता. तिथेच मॅजिस्ट्रेटने लेखणी खाली ठेवायला हवी होती.

सांगाडे सापडले ते तरी त्याच्या सांगण्यावरून, असे म्हणावे, तर त्याचे ते सांगणे त्या वेळी लिहून घेतलेलेच नाही. तो तिथे पोहोचण्याआधीच लोकांनी खणायला सुरुवात केली होती. नाला उघडा होता. सगळ्यांना ठाऊक झालेली गोष्ट ‘मी दाखवतो’ म्हटल्याने नव्याने सापडत नाही. डीएनएने मुले कोणाची हे कळले, मारले कोणी हे कळले नाही. घरात एवढे खून झाले म्हणावे, तर घरात त्याला साजेसे रक्त वा अवशेष मिळाले नाहीत.

असे होऊ नये म्हणून कबुली नोंदवण्याची रीत ठरलेली आहे. आज ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ मध्ये आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १६४ होते. आरोपीला शक्यतो कारागृहातून आणतात, ठाण्यातून नाही. दालनातून पोलीस बाहेर जातात. मॅजिस्ट्रेट विचारतात: किती दिवस कोठडीत आहेस, कोणी मारले का, अंगावर खुणा आहेत का, कोणी काही आमिष दाखवले आहे का. मग सांगतात की कबुली द्यायलाच हवी असे नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. त्यानंतर विचार करायला वेळ देतात. सर्वसाधारणपणे किमान चोवीस तास द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या सरवणसिंग खटल्यात सांगितले. तेवढा वेळ तो कारागृहातच राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारून मगच लिहायचे, वाचून दाखवायचे, सही घ्यायची आणि खाली मॅजिस्ट्रेटने स्वतःच्या समाधानाचा दाखला लिहायचा. तो कबुली द्यायला नाही म्हणाला तर त्याला परत पोलीस कोठडीत धाडता येत नाही. ही अट सर्वांत मोलाची आहे, कारण नकाराची शिक्षा त्याच रात्री ठाण्यात मिळणार असेल तर बाकी सगळी रीत वाया जाते.

न केलेला खून कोणी कबूल का करेल? ते आमच्या पचनी पडत नाही. (ता. वरुड, जि. अमरावती)

मार चुकवण्यासाठी, हे पहिले कारण. पण मार नसतानाही घडते. अमेरिकेत हेन्री ली लुकस १९८३ मध्ये पकडला गेला. त्याने शेकडो खून कबूल केले आणि पोलिसांनी दोनशेच्या वर प्रकरणे त्याच्या नावावर बंद केली. कबुली देत राहिले की कोठडीबाहेर फिरायला मिळे, चांगले जेवण मिळे, मान मिळे. १९८५ मध्ये पत्रकारांनी त्याच्या प्रवासाच्या तारखा जुळवल्या, तेव्हा अनेक खुनांच्या दिवशी तो शेकडो मैल दूर होता असे निघाले. १९९८ मध्ये त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, तीही ज्या खुनासाठी फाशी होती तो त्याने केला का याबद्दलच शंका राहिल्यामुळे. स्वीडनमध्ये स्टुरे बेर्गवाल मनोरुग्णालयात असताना तीसच्या आसपास खून कबूल करत गेला. आठ खुनांत दोषी ठरला आणि २०१३ पर्यंत आठही निकाल रद्द झाले.

दोन्हीकडे चूक एकाच ठिकाणी झाली. तपासणाऱ्याने प्रश्नातच उत्तर दिले. ‘लाल लुगडे होते ना?’ असे विचारले की आरोपी हो म्हणतो आणि कागदावर येते की लुगड्याचा रंग आरोपीने सांगितला. शहाणा तपास अधिकारी प्रेताजवळची एक-दोन चिन्हे वर्तमानपत्रांपासून आणि स्वतःच्या शिपायांपासूनही लपवून ठेवतो. ती न विचारता आरोपीच्या तोंडून आली तर त्या बोलण्याला वजन येते. खोट्या कबुलीवर फाइल बंद झाली की खरा मारेकरी मोकळा फिरतो, आणि तो एकदा मारून थांबणाऱ्यांतला नसतो.

मी पोलीस पाटील आहे. रात्री कोणी दारात येऊन ‘माझ्या हातून झालं’ म्हणाले तर काय करावे? (ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

त्याला बसवा, पाणी द्या आणि लगेच ठाण्यात फोन करा. फोनची वेळ लिहा. उलटतपासणी करू नका, ‘कसं मारलं, कुठं मारलं’ विचारू नका, गावकऱ्यांना हात उगारू देऊ नका. जे आपणहून बोलला ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहून ठेवा. ‘मीच मारलं’ आणि ‘माझ्यामुळं मेला’ यांत फाशी आणि सुटकेइतके अंतर पडू शकते. अंगावर रक्त वा जखमा दिसल्या तर त्याही लिहा, पण कपडे बदलू किंवा हातपाय धुऊ देऊ नका.

न्यायालयाबाहेरची अशी कबुली दुबळा पुरावा समजतात. ती ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाजवळ दिलेली असावी आणि दुसऱ्या पुराव्याने तिला आधार हवा. तुमचे पद ग्राम पोलीस अधिनियम १९६७ खालचे असल्याने, पोलीस पाटलाजवळची कबुली पोलिसांजवळचीच आहे, हा मुद्दा बचाव पक्ष काढणारच. म्हणून घरात शेजारी किंवा त्याचा नातेवाईक असेल तर त्यालाही थांबवून घ्या.

नार्को केली तर सगळे खरे बाहेर येणार नाही का? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नाही. नार्कोत गुंगीचे औषध देऊन बोलते करतात आणि गुंगीतला माणूस कल्पनाही सांगतो. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) वा ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात ठरवले. संमतीने केली तरी त्यातले बोलणे पुरावा होत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली तर तिचा उपयोग होऊ शकतो.

माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्हेगारालाच बक्षीस नव्हे का? (ता. आर्वी, जि. वर्धा)

राग येणे रास्त आहे. पण पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात १९७६-७७ मधल्या दहा खुनांची आतली हकीकत सुहास चांडक या साथीदाराने साक्षीत सांगितली. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींविरुद्ध रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. लहान मुले पळवून, कामापुरती वापरून मारली गेली होती आणि घरातल्या माणसाशिवाय ते सांगणारे कोणी नव्हते. बहिणींची फाशी २०२२ मध्ये दयेच्या अर्जावरील विलंबामुळे जन्मठेपेत बदलली, दोष कायम राहिला.

माफीच्या साक्षीदाराला स्वतःचा सहभाग न लपवता सगळे सांगावे लागते. काही दडवले तर माफी जाते आणि खटला त्याच्यावरही चालतो. त्याची उलटतपासणी होते, नुसत्या कबुलीच्या कागदाची होत नाही. शिवाय प्रत्येक आरोपीपुरता त्याच्या बोलण्याला बाहेरचा आधार लागतोच.

एकामागून एक खून होतात तरी पोलिसांना वर्षानुवर्षे कळत कसे नाही? (ता. मूल, जि. चंद्रपूर)

कारण प्रत्येक मृत्यू वेगळ्या ठाण्यात ‘मर्ग’ (अकस्मात मृत्यूची नोंद) म्हणून पडून राहतो. कर्नाटकातल्या मोहनकुमारच्या प्रकरणात असेच झाले. २० महिलांच्या मृत्यूंचे खटले त्याच्यावर चालले. प्रेते निरनिराळ्या गावांच्या बसस्थानकांवरील स्वच्छतागृहांत मिळाली होती. प्रत्येक ठाण्याकडे एक अनोळखी बाई, एक मर्ग. २००९ मध्ये एका बेपत्ता मुलीच्या फोनच्या नोंदी धरून पोलीस मागे मागे गेले तेव्हा धागा जुळला. गावात कोणाचा अचानक मृत्यू झाला आणि मनात शंका असेल, तर अंत्यविधीच्या घाईत शवविच्छेदन टाळू नका. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले पोटातल्या अवयवांचे नमुने) राखला का, हे डॉक्टरांना विचारा आणि मर्ग क्रमांक लिहून घ्या. विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मलिनमध्ये गेला की अनेक विषे शोधणे कठीण होते.

माझी बहीण सहा वर्षांपासून बेपत्ता आहे. दुसऱ्या गुन्ह्यातल्या आरोपीने तिचेही नाव घेतल्याचे ठाण्यात कळले. प्रेत नाही. आम्ही काय करावे? (नाव, गाव दिलेले नाही)

प्रेत मिळाले नाही तरी खुनाचा खटला चालू शकतो. पण मृत्यू झाला आणि तो यानेच घडवला, हे दुसऱ्या पुराव्याने पक्के जोडावे लागते.

आधी बेपत्ता झाल्याची नोंद कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने झाली त्याची प्रत काढा. आरोपीने नाव घेतले त्या गुन्ह्याच्या तपास अधिकाऱ्याला ती लेखी अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. अर्जात दोन मागण्या करा. एक, आसपासच्या जिल्ह्यांत त्या काळात सापडलेल्या अनोळखी स्त्री-प्रेतांचे मर्ग तपासावेत. दोन, आई-वडिलांचे रक्त डीएनएसाठी घ्यावे. आई-वडील थकलेले असतील तर हे आधी करा. आई नसेल तर तुमचा किंवा आईच्या बहिणीचा नमुनाही चालतो, कारण डीएनएचा एक प्रकार आईकडूनच उतरतो आणि तो जुन्या हाडांत व दातांत टिकतो.

बहिणीचा जुना एक्स-रे, दात काढल्याचा कागद, हाड मोडले असेल तर दवाखान्याची चिठ्ठी शोधा. कोणते लुगडे, कोणत्या बांगड्या, जोडवी होती का, मंगळसूत्राचे डोरले कसे होते, हे आईकडून ऐकून लिहून काढा आणि त्या दागिन्यांतला फोटो असेल तर जोडा. आरोपीने जागा दाखवली तर खोदकाम तहसीलदारांच्या समक्ष व्हावे, फॉरेन्सिकची माणसे असावीत आणि जेसीबी लावू नये, अशी मागणी करा. हाडे तुटतात, जोडवी-मणी मातीच्या ढिगात जातात. फावड्याने वरचा थर काढून पुढे खुरप्याने, आणि निघालेली माती चाळणीतून.

अर्जाला उत्तर आले नाही तर पोलीस अधीक्षकांकडे आणि नंतर न्यायालयात जाता येते. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती स्त्रियांना विनामूल्य वकील देते, त्यामुळे अर्ज आईच्या नावाने करा. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळेल. जाताना बेपत्ता नोंदीची प्रत आणि आईचे आधारकार्ड सोबत न्या.